फियाट मल्टिप्ला : घ्यायची तर जुन्या नाकाचीच घ्या

हा रिव्ह्यू जुन्या तोंडाच्या मल्टिप्लाचा आहे, म्हणजे १९९८ मध्ये आलेली आणि २००४ पर्यंत मूळ रूपात बनलेली ती. नाव आठवत नसेल तरी चेहरा माहीत असणारच, कारण कुरूप गाड्यांची कुठलीही यादी काढा, पहिल्या चार-पाचात ही असतेच असते. पुढची काच जिथं संपते तिथं एक आडवा फुगवटा, कपाळाला टेंगूळ आल्यासारखा, त्या टेंगळात दोन छोटे दिवे, मग खाली बॉनेट, आणि बॉनेटच्या टोकाला परत दोन मोठे दिवे. कोणी बेडूक म्हणतं, कोणी डॉल्फिन म्हणतं. आमच्या धाकट्यानं पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाला "आई, हिला चार डोळे आहेत!" आणि त्याला ती तिथल्या तिथं आवडली.

मी ही गाडी तीन वर्षं रोज चालवली. शाळा, ऑफिस, दवाखाना, लांबचे प्रवास, घर बदललं तेव्हा सामान, सगळं हिच्यातून. त्यामुळे हिच्याबद्दल जे बोललं जातं, ते बहुतेक वेळा जे लोक हिच्यात कधी बसलेलेच नाहीत ते बोलतात, हे मला आता ठामपणे सांगता येतं. तिला वाईट दिसणारी पण कामाची म्हणतात ना, तेही मला पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की ती जशी दिसते तशी दिसली म्हणूनच ती कामाची झाली, त्या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. फियाटनं २००४ मध्ये त्या वेगळ्या करायचा प्रयत्न केला, त्याबद्दल पुढे सांगते.

आधी घेतली कशी ते. घरात माणसं सहा. मी, नवरा, दोन मुलं, सासूबाई आणि सासरे. सहा माणसं म्हटलं की सगळे सेव्हन सीटर दाखवतात, आणि आम्ही दोन-तीन चालवून पण बघितल्या. सगळ्यांची तीच गत. तिसऱ्या रांगेत जायचं म्हणजे आधी दुसरी रांग दुमडा, मग वाकून आत शिरा, मग गुडघे छातीशी घेऊन बसा, आणि तिसरी रांग उघडली की डिकीत एक पिशवी उभी राहील एवढीच जागा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या मागे जाऊच शकत नाहीत, मग मागे जाणार कोण तर मुलं. आणि मुलं मागे गेली की तिथून ती ओरडणार, पुढून आम्ही "काय?" म्हणून विचारणार, आणि मधल्या रांगेतले दोघं निरोप्याचं काम करणार. तिसरी रांग ही मला कायम शिक्षा केल्यासारखी वाटते, ज्याला घरात सगळ्यात कमी बोलता येतं त्याला मिळणारी जागा.

ज्या सेकंडहँड डीलरकडे आम्हाला मल्टिप्ला दिसली, त्यानं ती पार मागच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभी केली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाला "ती नका घेऊ मॅडम, विकताना त्रास होईल." गाडीत काय खराबी आहे विचारलं तर खराबी काहीच नाही, फक्त तोंड. त्याच्याकडे २००४ नंतरची, सरळ तोंडाची पण एक होती आणि तो मला तीच गळ्यात मारायला बघत होता, जास्त पैशांत. याचा मला आजही राग येतो, कारण तोंड सोडून दोन्हीतला फरक काय हे मी तीनदा विचारलं आणि त्याला एकदाही धड सांगता आलं नाही.

तर आता आत बसूया, कारण ही गाडी आतूनच सुरू होते.

दोन रांगा, प्रत्येक रांगेत तीन सीट. बस्स. हीच सगळी आयडिया आहे आणि ही एकच आयडिया धरून बाकीची गाडी तिच्याभोवती उभी केली आहे. पुढे तिघं, मागे तिघं, आणि सहाही सीट खऱ्या सीट आहेत, मधली म्हणजे दोघांच्या मधला उंचवटा नाही. आता पुढे तीन मोठी माणसं खांद्याला खांदा लावून बसवायची तर गाडी रुंद पाहिजे, म्हणून ही १.८७ मीटर रुंद आहे. आणि तिसरी रांगच नाही म्हटल्यावर लांबी लागत नाही, म्हणून ही चार मीटरला थोडी कमीच, ३.९९. सहा माणसं बसवून वर ४३० लिटरची डिकी शिल्लक! परत सांगते, सहा माणसं बसलेली असताना. मागच्या तिन्ही सीट सुट्या सुट्या काढता येतात, आणि पुढची मधली सीट दुमडली की तिच्या पाठीचं टेबल होतं. गिअरचा दांडा खाली जमिनीवर नाही, डॅशबोर्डमधून बाहेर आलेला आहे, कारण जमिनीवर असता तर मधल्या माणसानं पाय कुठं ठेवले असते? स्पीडोमीटर वगैरे पण मधोमध एका बोंडासारख्या गोळ्यात आणून ठेवलेत. लोक या डॅशबोर्डला पण हसतात. पण ज्या कुणाला पुढच्या मधल्या सीटवर बसायची पाळी आली आहे त्याला विचारा की गुडघ्याला काय लागतं, तर काहीच लागत नाही.

आमच्याकडे त्या मधल्या सीटवर सासरे बसायचे. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं आणि पूर्वीच्या गाडीत ते मागे बसले की सगळा प्रवासभर खिडकीबाहेर बघत गप्प असायचे, आम्हाला वाटायचं त्यांना झोप येते. मल्टिप्लात पहिल्या लांबच्या प्रवासाला मी त्यांना पुढे मध्ये बसवलं, डावीकडे एक माणूस, उजवीकडे एक माणूस, समोर अख्खी काच, आणि ते जे बोलायला लागले ते थांबेचनात. रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवायचे, माझ्या ओव्हरटेकवर मत द्यायचे, मागे वळून नातवांना कोडी घालायचे. पाच तासांचा रस्ता होता. घरी आल्यावर सासूबाई मला हळूच म्हणाल्या "आज बाबा किती दिवसांनी एवढं बोलले गं." मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं त्यांना झोप येत नव्हती, त्यांना ऐकूच येत नव्हतं. हे मला कुठल्या ब्रोशरमध्ये वाचायला मिळालं नसतं आणि यासाठी मी त्या टेंगळाला शंभर वेळा माफ केलं असतं, पण माफ करायचं काही कारणच नाहीये, कारण ते टेंगूळ त्याच गोष्टीतून आलंय.

कसं ते सांगते. हा माझा अर्थ आहे, पण तीन वर्षं गाडी पुसताना रोज बघून लावलेला अर्थ आहे. बसायची खोली एवढी रुंद आणि उंच, बाजूच्या भिंती जवळजवळ उभ्या, खिडक्या मोठ्या आणि त्यांची कड खाली, आणि पुढे नाक मात्र आखूड, कारण लांबी वाढवायचीच नाही. आता या दोन वेगवेगळ्या आकाराच्या वस्तू जोडायच्या कशा? बाकीच्या कंपन्या काय करतात, बॉनेटचा उतार काचेच्या उतारात मिसळवून टाकतात, म्हणजे बाहेरून एक छान रेघ दिसते आणि आतल्या माणसाच्या डोक्यावरची आणि पायाशी असलेली जागा त्या रेघेला द्यावी लागते. मल्टिप्लात ती रेघ काढलीच नाही. खोली ती खोली, नाक ते नाक, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं तो कट्टा. त्या कट्ट्यावर दिवे बसवले ते अप्परचे, खालचे डिपरचे. अप्पर उंचावर असला की अंधाऱ्या रस्त्यावर किती लांबचं दिसतं हे एकदा चालवून बघा, मला तर नंतर दुसरी कुठलीही गाडी चालवताना रात्री आंधळं झाल्यासारखं व्हायचं.

ही गाडी काढली ती रॉबेर्तो जोलितो यांच्या हाताखाली, फियाटच्या स्वतःच्या डिझाइन सेंटरमध्ये. खाली फियाटच्याच ब्राव्हा-ब्राव्हो गाड्यांचे सुटे भाग, वर पोलादाची स्पेसफ्रेम, म्हणजे आधी सांगाडा उभा करायचा आणि त्याच्यावर पत्रा चढवायचा. आणि एक गोष्ट लोकांना सांगितली की त्यांचा विश्वास बसत नाही, २००७ मधली ती गोंडस फियाट ५००, जी बघून सगळे "अय्या किती क्यूट" म्हणतात, तिच्यामागे पण याच जोलितोंचा हात आहे. म्हणजे या माणसाला सुंदर गाडी काढता येत नव्हती म्हणून मल्टिप्ला अशी झाली, असं म्हणायची सोयच राहत नाही. त्याला येत होती. त्यानं इथं वेगळं काहीतरी महत्त्वाचं मानलं.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९९९ मध्ये येणाऱ्या शतकाच्या गाड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं, त्यात ही मल्टिप्ला ठेवली होती. आणि फियाटला पण आपण काय बनवलंय हे नीट माहीत होतं, ब्रिटनमध्ये तर नव्या मल्टिप्लाच्या मागच्या काचेवर स्टिकर लावून यायचा, "पुढची बाजू बघाल तेव्हा कळेल" अशा अर्थाचा. मला हे फार आवडतं. कंपनीनं आपल्या पोराला लपवलं नाही.

नाव पण नवीन नाही बरं का. १९५६ मध्ये फियाटनंच ६०० मल्टिप्ला काढली होती, फियाटचे इंजिनिअर दान्ते जाकोसा यांची, साडेतीन मीटरची गाडी, इंजिन मागे, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसलेला, आणि आत सहा माणसं. पुढून बघितली की कळायचं नाही ही येतीये का चाललीये. तिच्या टॅक्सी झाल्या, इटलीच्या शहरांत वर्षानुवर्षं फिरल्या, आणि आज तीच गाडी लोक लाडानं जपतात. सहा माणसं कमीत कमी जागेत, सन्मानानं, हा प्रश्न त्या घरात दोनदा सोडवला गेला आणि दोन्ही वेळा उत्तर विचित्र दिसलं. प्रश्नच तसा आहे हो.

आता २००४. फेसलिफ्ट. टेंगूळ काढलं, दिवे एकत्र केले, नाक पुढे ओढून सरळ केलं. गाडी साधारण दहा सेंटिमीटर लांब झाली. आत? आत काही मिळालं नाही. सहाच सीट, तीच डिकी. म्हणजे ती दहा सेंटिमीटर कुणासाठी वाढली तर रस्त्यावरून जाणाऱ्या, गाडी न घेणाऱ्या माणसासाठी, त्याला हसू येऊ नये म्हणून. मी ती नवीवाली पण चालवली आहे. चांगलीच आहे, कारण खालून तीच गाडी आहे. पण पुढून ती आता कुठल्याही गाडीसारखी दिसते, आणि मागची उभी रुंद खोली मात्र तशीच, त्यामुळे उलट ती आता जास्त विजोड वाटते, दुसऱ्याचा मुखवटा घातल्यासारखी. जुनीत नाक आणि खोली दोघंही सारखेच विचित्र होते आणि म्हणून एकमेकांना शोभत होते.

आणि हे फक्त मल्टिप्लाबरोबर झालेलं नाही, हे मला नंतर वाचता वाचता कळत गेलं. विचित्र गाड्यांचं नाक सुधारायची ही सवय फार जुनी आहे. १९३४ मध्ये क्रायस्लरनं एअरफ्लो आणली. विंड टनेलमध्ये अभ्यास करून आकार काढलेला, इंजिन पुढे सरकवून पुढच्या ॲक्सलवर नेलेलं, त्यामुळे माणसं दोन ॲक्सलच्या मध्ये बसायला लागली. त्याआधी मागची सीट थेट मागच्या ॲक्सलवर असायची, प्रत्येक खड्डा कंबरेत. म्हणजे आज आपण ज्या पद्धतीनं गाडीत बसतो ती पद्धत या गाडीनं आणली म्हटलं तरी चालेल. पण पुढची जाळी धबधब्यासारखी खाली वाहणारी, दिवे अंगातच बसवलेले, लोकांना ते तोंड पाहवेना. पुढच्याच वर्षी कंपनीनं घाबरून पुढे टोकदार, नेहमीसारखी जाळी लावून दिली. विक्री काही सुधारली नाही, १९३७ मध्ये गाडी बंद. नाक बदलून ज्यांना नको होती त्यांना ती हवीशी झाली नाही.

सिट्रोएनची आमी ६ घ्या, १९६१ ची. तिची मागची काच उलटी तिरकी आहे, वरून बाहेर आणि खालून आत. बघितली की वाटतं चुकून उलटी बसवली. पण अशी काच बसवली की मागच्या माणसाच्या डोक्यावर छप्पर पूर्ण लांबीचं राहतं, डिकीचं झाकण पण पुरेसं मोठं मिळतं, आणि गाडी छोटीच्या छोटी. १९६९ मध्ये आमी ८ आली आणि काच सरळ, सगळ्यांसारखी उतरती झाली. ती काच म्हणजेच आमी होती!

आणि विचित्र म्हटलं की लोक नाकारतातच असंही नाहीये. सिट्रोएनचीच डीएस, १९५५ चं पॅरिस मोटर शो, पहिल्याच दिवशी बारा हजारांच्या आसपास बुकिंग. ती काय सरळ होती का, मागची चाकं अर्धी झाकलेली, स्टिअरिंगला एकच दांडी, बंद करून ठेवली की गाडी हळूहळू खाली बसायची आणि सुरू केली की उठून उभी राहायची. पण तिला लोकांनी भविष्य म्हटलं आणि मल्टिप्लाला बेडूक म्हटलं. मला यातलं कारण एकच दिसतं, डीएस ऐटीची गाडी होती, साहेबांची. मल्टिप्ला पोरांना शाळेत सोडणारी, घरच्यांची गाडी. ऐटीच्या वस्तूला आपण विचित्रपणा चालवून घेतो, उलट त्याचे जास्त पैसे देतो, आणि घरच्या कामाच्या वस्तूनं मात्र गप्प खाली मान घालून राहावं असं आपल्याला वाटतं. हे मला फार लागतं.

विषय निघालाच आहे तर अजून दोन-तीन गाड्यांबद्दल बोलते, कारण हिच्यामुळेच मी त्यांच्याकडे नीट बघायला शिकले. निस्सान क्यूब, मागून बघा, एका बाजूला काच कोपऱ्यावरून वळून पार मागपर्यंत गेलेली आणि दुसऱ्या बाजूला जाड बंद खांब. लोकांना वाटतं नुसती फॅशन. पण ड्रायव्हर जेव्हा खांद्यावरून मागे बघतो तेव्हा त्याला पलीकडचा कोपरा दिसावा लागतो, तिथं काच आहे. त्याच्या स्वतःच्या मागचा कोपरा आरशात येतोच, तिथं खांब. दोन्ही बाजू सारख्या असायला पाहिजेत हे गाडीला कुणी सांगितलं? स्वीडनचे साब गाडीवाले इग्निशनची चावी स्टिअरिंगजवळ न देता खाली दोन सीटच्या मध्ये द्यायचे, धडक झाली तर गुडघा चावीवर आपटू नये म्हणून. नवीन माणूस साबमध्ये बसला की दोन मिनिटं चावीचं भोक शोधत बसायचा आणि वैतागायचा. पण एकदा कळलं की तुम्हाला बाकीच्या सगळ्या गाड्यांमध्ये गुडघ्यासमोर असलेली ती चावी टोचायला लागते. बीएमडब्ल्यू आय३ ची मागची खिडकी मध्येच एक पायरी उतरते, ते बघून लोक म्हणतात रेघ तुटली, अरे पण ती मागे बसलेल्या पोराला बाहेरचं दिसावं म्हणून तुटली आहे. आजकाल इतक्या गाड्यांच्या मागच्या खिडक्या वर वर चढत जातात, मागचं लहान मूल अक्षरशः दाराचा पत्रा बघत प्रवास करतं. त्याला कुणी कुरूप म्हणत नाही.

एएमसी पेसर तर मला फारच प्रिय. १९७५ ची, माशांच्या काचेच्या भांड्यासारखी, आणि तिचं प्रवाशाच्या बाजूचं दार ड्रायव्हरच्या दारापेक्षा दहा सेंटिमीटर मोठं. का, तर मागे बसणारे फुटपाथच्या बाजूनं चढतात, मग त्या बाजूला दार मोठं हवं. केवढा सरळ विचार आहे! मात्र तीच गाडी ब्रिटनमध्ये उजव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी बदलून दिली तेव्हा दारं होती तशीच राहिली, म्हणजे मोठं दार ड्रायव्हरला आणि छोटं फुटपाथकडच्या प्रवाशाला. चांगली आयडिया अर्धवट नेली की असं होतं, आणि मग दोष आयडियाला.

पाँटिॲक ॲझ्टेकबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. आतून ती हुशार गाडी, मधला कन्सोल काढला की तोच कूलर, मागच्या झाकणावर बसायला खळगे आणि कप ठेवायला जागा, डिकीला जोडायचा तंबू, हवेची गादी. ज्यांनी घेतली त्यातले कितीतरी लोक तिच्यावर जीव टाकतात आणि ते बरोबर आहेत. पण बाहेरचा तो करडा प्लास्टिकचा थर आणि ती उंच फुगलेली कंबर आतल्या कुठल्या गोष्टीसाठी नव्हती, १९९९ मध्ये दाखवलेली कन्सेप्ट, म्हणजे नमुन्याची गाडी, मिनिव्हॅनच्या सांगाड्यावर चढवताना तिचं तसं झालं. पुढे २००२ मध्ये प्लास्टिक गाडीच्याच रंगाचं केलं, तेवढ्यानं काय होणार. म्हणून मी ॲझ्टेकच्या आतल्या बाजूसाठी भांडेन, बाहेरच्या बाजूसाठी नाही. विचित्र दिसणाऱ्या प्रत्येक गाडीची बाजू घ्यायची असं माझं म्हणणं नाहीच. तो बाक कशासाठी आहे ते विचारायचं, आणि उत्तर मिळालं तर हसायचं थांबवायचं.

खरं कुरूप काय आहे ते सांगू का? बंपरमध्ये मोठी काळी जाळी आणि तिच्यामागे बंद प्लास्टिक, हवा जायला भोकच नाही. मागे चकचकीत दोन एक्झॉस्ट आणि ते नुसते चिकटवलेले, खरा पाइप खाली वाकून लपलेला. अशा गाड्या रस्त्यावर ढिगानं आहेत आणि त्यांना रिव्ह्यूमध्ये स्पोर्टी म्हणतात. मल्टिप्लावर एक इंच पण खोटा नाही. मी शोधून बघितलंय.

बरं, चालवायला कशी. १.६ पेट्रोल आणि १.९ जेटीडी डिझेल, आमची डिझेल. फियाट ग्रुपनंच १९९७ मध्ये अल्फा १५६ मधून कॉमन रेल डिझेल (सगळ्या सिलिंडरना एकाच पाइपमधून जास्त दाबानं डिझेल देणारं) पहिल्यांदा पॅसेंजर गाडीत आणलं, त्याच घराण्यातलं हे इंजिन, खालून ओढतं, सहा माणसं आणि सामान भरून चढावर पण दमल्यासारखं वाटत नाही. सीएनजीवर चालणारी पण यायची, टाक्या फ्लोअरखाली, त्यामुळे डिकी खात नाहीत. रुंद असल्यामुळे चाकं लांब लांब आहेत, वळणावर गाडी झुकत नाही, उंच गाडीत जे पोटात ढवळतं ते इथं होत नाही. मोठ्या मुलाला गाडी लागायची, या गाडीत बंद झालं. मोठ्या खिडक्या आणि बाहेर बघायला मिळणं यामुळे झालं असेल, माझी तरी तशीच समजूत आहे.

रुंदीची सवय करावी लागते, हे खरं. लांबीला ती छोट्या हॅचबॅकएवढी आहे म्हणून मन पहिले पंधरा दिवस तिला छोटी समजून गल्लीत घालतं आणि मग दोन्हीकडचे आरसे बघत श्वास रोखून बाहेर काढावी लागते. पार्किंगमध्ये पुढे-मागे भरपूर जागा उरते आणि बाजूला दार उघडायला कमी. पण आजच्या कितीतरी मोठ्या एसयूव्ही हिच्यापेक्षा रुंद आहेत आणि आत पाचच माणसं बसवतात, त्यामुळे रुंदीबद्दलची ओरड मला जरा एकतर्फी वाटते. आरसे उभट आहेत, पहिल्या दिवशी विचित्र वाटतात, चौथ्या दिवशी त्यात मागचं चाक आणि रस्त्याची कड दोन्ही एकदम दिसतात हे लक्षात येतं. सुटे काढलेले सीट जड आहेत, एकट्या बाईनं उचलायचे तर कंबर सांभाळून. आणि गाडी जुनी आहे, आजच्या गाड्यांमध्ये सुरक्षेच्या ज्या गोष्टी असतात त्या हिच्यात शोधू नका, हे मान्य करूनच घ्या.

लोकांच्या नजरा? सुरुवातीला त्रास झाला. सिग्नलला थांबलं की शेजारच्या गाडीतले बघून हसणार, एकदा एकानं फोटो काढला. मुलांच्या शाळेपाशी पण सुरुवातीला तसंच. मग एक दिवस धाकट्याचे मित्र पावसात अडकले होते, मी तिघांना बरोबर घेतलं, पुढे मधल्या सीटवर कोण बसणार यावरून त्यांच्यात भांडण लागलं. त्यानंतर तिचं नाव शाळेत चार डोळ्यांची गाडी पडलं आणि कुणीही हसेना. पोरं तिच्यातून दारं धाडधाड लावत उतरायची आणि जाताना त्या कट्ट्यावरच्या दिव्यांना हात लावून जायची, रोज, जसं घरातल्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा.

तर घेणार असाल तर २००४ च्या आधीचीच घ्या. डीलर नाक मुरडेल, मुरडू दे, त्याच्यामुळेच ती तुम्हाला स्वस्त मिळेल. मागच्या तिन्ही सीट तिथल्या तिथं काढून परत बसवून बघा, लॉक खटकन् लागले पाहिजेत. पुढची मधली सीट दुमडून टेबल होतंय का बघा. खालचे-वरचे चारही दिवे लावून बघा, वरच्यांत पाणी शिरलेलं नको. फ्रेमला आणि खालून पत्र्याला गंज आहे का हे लिफ्टवर चढवून बघा, वरवर बघून समाधान मानू नका. आणि टेस्ट ड्राइव्हला एकट्यानं जाऊ नका, घरचे पाचही जण बरोबर घेऊन जा, आणि पुढे मध्ये घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसवा.